मेव्हण्याची वेबसाइट आणि पाटाचं वरचं दार

मेव्हण्याच्या वेबसाइटवर मी उसाच्या घाण्याचा फोटो उलटा लावला होता. उलटा म्हणजे वरचं खाली नव्हे, तेवढा मी वेंधळा नाही. आरशात दिसतं तसं डावीकडचं उजवीकडं. मूळ फोटोत घाण्याशेजारी उभा असलेला मिस्त्री पानाच्या बाहेर बघत होता आणि गिऱ्हाइकाकडं पाठ बरी दिसत नाही म्हणून मी बटण दाबून त्याला आत वळवला. त्याच्याबरोबर घाणाही वळला, हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढं अकरा महिने कुणाच्याच आलं नाही. मेव्हण्याने तर त्या पानाचा प्रिंट काढून, काच बसवून ऑफिसात टांगला होता.

शेवटी ते मिस्त्रीनेच पकडलं. हा माणूस मेव्हण्याच्या कारखान्यात नव्वद-एक्याण्णवपासूनचा, म्हणजे कारखान्यात एकच लेथ होतं आणि मेव्हणा स्वतः झाडू मारायचा तेव्हापासूनचा. कॉम्प्युटरला त्याने कधी हात लावला नव्हता. चहाचा कप धरून तो त्या काचेसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला,

"पावणं, ह्यो घाणा डावरा कसा झाला म्हणायचा?"

"डावरा?"

"ऊस घालायची बाजू फिरलीया की. आन् माझं घड्याळ उजव्या हातात? त्या हातात मी लग्नात बी बांधलं न्हाई."

मी हसून वेळ मारून नेली आणि घरी जाऊन गुपचूप फोटो सरळ केला. काचेतला प्रिंट मात्र तसाच राहिला. पावण्यांची चूक दाखवून तो उतरवायचा कसा, असं मेव्हण्याला वाटलं असणार.

इथं आमच्या घरातली रीत सांगायला हवी. बायकोच्या माहेरी मी 'दाजी', आणि सासूबाईंसाठी व कारखान्यातल्या लोकांसाठी 'पावणं'. त्या घरात दाजीला कुणी चुकलास म्हणत नाही. भाजीत मीठ जास्त झालंय असं मी म्हणालो तर ते सगळ्यांनाच जास्त लागतं. एरवी कोल्हापुरात तोंडावर दोन शिव्या बसल्या की माणसाला आपण कुठं उभे आहोत ते कळतं. मला तीही सोय नव्हती.

वेबसाइट माझ्याकडं आली तीही अशीच. मी एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. सांभाळायचो म्हणजे मुख्यतः माउसमधले गोळे कोण चोरतं ते बघायचो. पण सासरी त्याचा अर्थ 'दाजी कॉम्प्युटरमधले' असा झाला. मेव्हण्याचा उद्यमनगरात कारखाना, गुऱ्हाळात ऊस गाळायचे, लाटांचे म्हणजे लोखंडी रुळांचे घाणे बनवायचा. धाकटा, मधला आणि थोरला असे तीन घाणे. त्यांची तीन पानं मी केली. शिवाय 'आमच्याविषयी', 'संपर्क' आणि मेव्हण्याच्या हट्टापायी 'कारखान्यातला गणपती' असं एक फोटोंचं पान. आश्चर्य म्हणजे वेबसाइट चालली. यूपीतून, आंध्रातून, एकदा तर आफ्रिकेतून मेल आला. दोन वर्षांत निम्म्या ऑर्डरी बाहेरच्या राज्यातल्या होऊ लागल्या. मेव्हण्याने दुसरी शेड घातली. आणि मला वाटायला लागलं की मला यातलं कळतं.

दोन हजार सातचा उन्हाळा असावा. इंटरनेटवर जाणती माणसं गप्पा मारायची अशा एका जागी मी रोज जाऊन बसत असे, तिथं वाचलं की सर्च इंजिन प्रत्येक पानाला काही वजन देतं आणि ते वजन त्या पानावरच्या लिंकांमधून पुढच्या पानांना वाटलं जातं. मग गणपतीच्या पानाला ते फुकट कशाला द्यायचं? लिंकवर 'नोफॉलो' अशी एक खूण करता येते. माणसाला ती दिसत नाही, क्लिक केलं की पान उघडतंच. पण सर्च इंजिनाला तो निरोप असतो की ही वाट धरू नकोस. नको त्या लिंकांवर ती खूण केली की उरलेलं सगळं वजन कामाच्या पानांना जातं, असं ती जाणती माणसं म्हणत होती.

मला हे इतकं पटलं की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. लहानपणी मामाच्या उसात मी दारं धरली होती. पाटातून पाणी येतं, सरीच्या तोंडाशी मातीचं दार फोडायचं, सरी भरली की दार बांधायचं आणि पुढचं फोडायचं. हे तेच होतं. गणपती, संपर्क, आमच्याविषयी ही तीन दारं बांधायची आणि सगळं पाणी तीन घाण्यांना पाजायचं.

वेबसाइटचा मेनू, म्हणजे प्रत्येक पानाच्या वर दिसणारी लिंकांची पट्टी, एका वेगळ्या फाइलीत होता. सगळी पानं तीच फाइल वापरायची. सहा लिंका. तीनच ठिकाणी हाताने खूण करायची होती. पण मी कॉम्प्युटरमधला ना. मी 'रिप्लेस ऑल' दाबलं. सहाही लिंकांवर खूण पडली. आता घाण्यांच्या तिन्हींवरची काढून टाकू, असं ठरवलं. त्याआधी मेनू मोडला तर नाही ना हे बघायला फाइल वेबसाइटवर चढवली. मेनू झकास दिसत होता. आणि लाइट गेली.

त्या वर्षांत भारनियमन होतं. वेळापत्रक पेपरात यायचं आणि लाइट स्वतःच्या मनाने जायची. चार तासांनी आली तेव्हा आम्ही कुणाच्या तरी बारशाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडून बघितली, सगळं जागच्या जागी. काम झालं, असं मी मनात लिहून टाकलं. इतकं पक्कं लिहिलं की पुढचे दीड महिने ते कुठल्याही रबराने खोडलं गेलं नाही.

आधी दिवसाला दोन-तीन मेल यायचे. मग दिवसाआड एक. मग एका आठवड्यात फक्त एकच आला, आणि तोही कुणीतरी गणपतीच्या मूर्तिकाराचा पत्ता विचारणारा.

मी लॅबमध्ये बसून सर्च इंजिनात गुऱ्हाळाचा घाणा, कोल्हापूर, असं इंग्रजीत टाकलं. पहिल्या पानावर आम्ही नव्हतो. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या पानावरही नव्हतो. मग कारखान्याचं नाव टाकलं. वेबसाइटचं पहिलं पान आलं आणि त्याच्याखाली गणपती. कुठल्याशा हौशी माणसाने गणपतींचे फोटो जमवताना आमच्या त्या पानाची लिंक त्याच्या साइटवर दिली होती. त्या आडवाटेने ते पान तगलं होतं. तीन घाण्यांचा मात्र पत्ता नाही. ज्याचं पाणी मी तोडायला निघालो होतो तो एकटा हिरवागार, आणि ऊस जागेवर नाही.

  त्या जाणत्या लोकांच्या जागी मी असंही वाचलं होतं की काही चलाखी केली तर सर्च इंजिन साइट कायमची काढून टाकतं, आणि दाद मागायला दार नाही. मी घाण्यांच्या तिन्ही पानांच्या फाइली उघडल्या, ओळ न् ओळ वाचली. स्वच्छ होत्या. मेनूची फाइल उघडलीच नाही, कारण ती मी बरोबर केली होती. मग एकच उरलं. आपल्याला शिक्षा झाली. मेव्हण्याचा धंदा मी माझ्या हाताने काळ्या यादीत घातला.

त्यानंतर फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. मेव्हण्याचा नंबर दिसला की मी फोन बायकोकडं द्यायचो आणि संडासात जायचो. दोन भाकरी खाणारा मी एकीवर आलो. बायकोने विचारलं, दुखतंय काय? मी म्हणालो, पित्त झालंय. तिने तीन आठवडे मला सकाळ-संध्याकाळ जिऱ्याचं पाणी पाजलं. ते मी मुकाट्याने प्यायलो, शिक्षेतला काही भाग इथेच भरून होत असेल तर बरं, अशा हिशेबाने.

एका शनिवारी मेव्हण्याने कारखान्यात बोलावलं. वाटलं, आला दिवस. पण त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि दार लोटून घेतलं. बाहेर लेथवर मिस्त्री वाकलेला काचेतून दिसत होता.

"दाजी, बाहेरचं गिऱ्हाईक आटलंय की ओ."

"आटलंय खरं," मी म्हणालो. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला.

"बाजारच तसा हाय म्हणत्यात. तुमी तरी काय करणार. दुसरी शेड बंद ठिवतो. मिस्त्रीला म्हणतोय, एक तारखेपास्नं घरीच ऱ्हावा. दसऱ्याला बघू."

मिस्त्रीची अठ्ठावन्न उलटली होती. एकदा घरी बसला की दसऱ्याला त्याला कोण बोलावतंय, हे मेव्हण्याला कळत होतं आणि मलाही. उद्यमनगरात त्या वयाच्या माणसाला दुसरीकडं कुणी उभं करत नाही.

"त्यांना सांगितलंस?"

"न्हाई अजून. धोंड्याचं जेवण होऊ दे. सणाचं नको."

त्या वर्षी अधिक महिना होता, धोंड्याचा. तीन वर्षांतून एकदा येणारा, जावयाला नारायण समजून जेवू घालायचा. म्हणजे पुढच्या रविवारी मला पाटावर बसवून ओवाळणार होते आणि सोमवारी मिस्त्रीला घरी बसायला सांगणार होते. मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात मेव्हणा म्हणाला, "तुमी हाय म्हणून येवढं तरी झालं, दाजी." मी तोंड मिटलं आणि चहा पिऊन टाकला. जीभ भाजली.

त्या आठवड्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही. त्यातलं बरंचसं अजून फेडायचं राहिलंय.

रविवारी सासरी गेलो. रांगोळी, पाट, ताट. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मिस्त्रीलाही जेवायला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारच्या पाटावर. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे वाढले, ओवाळलं आणि वाण म्हणून ते तुपाचं पितळी निरांजन माझ्या हातात दिलं. जड आणि गुळगुळीत. देठावर बारीक कड्या काढलेल्या.

"दिवा बगितलासा न्हवं पावणं?" मिस्त्री खाली बघून म्हणाला. "इकतचा न्हाई. लेथवर काढलाय. जेवायच्या सुट्टीत जरा जरा."

मला निरांजन खाली ठेवता येईना आणि धरवतही नव्हतं. समोर मेव्हणा बसलेला, वहिनी तूप वाढतायत, सासूबाई म्हणतायत, घ्या की पावणं, अजून दोन. पहिला धोंडा अजून ताटात तसाच. सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी आडून गेलो.

"मिस्त्री, रानात पाणी येईना झालं तर तुम्ही आधी कुठं बघता?"

कळंब्याच्या पलीकडं त्याचा वीस गुंठे ऊस होता. जेवता जेवता असा विषय निघाला म्हणून त्याला बरंच वाटलं.

"समद्या सऱ्या कोरड्या का एकांदी?"

"सगळ्या. दारं तर सगळी उघडी दिसतात. मी एक एक बघितली."

"मग सरीची दारं काय बघत बसायचं? वर जायाचं. पाटाचं वरचं दार बांधलेलं असणार."

"पण वरचं कुणी बांधलेलं नाही."

"तुमी जाऊन बगितलंसा?"

"नाही. पण माझ्या ध्यानात आहे ना, मी..."

"ध्यानाचं सोडा ओ. म्या सोता बांधून इसरलोय. लाइट गेली, मोटार बंद पडली, म्हटलं आल्यावर सोडू दार, आन् गेलो घरला. ऊस पिवळा पडाय लागला तवा आठावलं."

लाइट गेली, असं तो म्हणाला आणि मला माझी खुर्ची दिसली, पंखा थांबताना दिसला, काळा झालेला पडदा दिसला. सहा लिंका. सहाही बांधलेल्या. उघडायच्या राहिलेल्या.

मी पाटावरून उठलो. जावयाने भरल्या ताटावरून उठायचं नसतं, तेही धोंड्याच्या महिन्यात. सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "काय चुकलं ओ आमचं?"

"तुमचं नाही. माझं चुकलं," मी म्हणालो, आणि एका दमात सगळं सांगितलं. नोफॉलो, रिप्लेस ऑल, बारसं, गणपती. कुणाला किती कळलं कोण जाणे. मध्येच मी 'बाजार आटलेला नाही, मी आटवलाय' असं म्हणालो, तेवढं सगळ्यांना कळलं. निरांजन अजून माझ्या हातातच होतं. तूप सदऱ्यावर सांडत होतं.  त्या घरात दाजीला काय बोलायचं याची सवयच कुणाला नव्हती.

पहिल्यांदा हसला तो मिस्त्री. "म्हंजे पावण्यांनीच दार बांधलं व्हय?" त्याला ठसका लागला. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मेव्हणा हसला नाही. त्याने माझ्याकडं बघितलं, मग मिस्त्रीकडं, मग परत माझ्याकडं बघून मान जराशी हलवली. एक तारखेची ती गोष्ट बोलू नका, असं ती मान म्हणत होती. मिस्त्रीला ती आजतागायत कुणी सांगितलेली नाही.

"सोडता येतंय का दार?" मेव्हण्याने विचारलं.

"येतं. पण पाणी पोचायला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. पोचेलच, असंही छातीठोक सांगता येत नाही."

तो दोन घास जेवला. तेवढ्यात मी मनाने तीनदा घटस्फोटित झालो.

"मिस्त्री," तो म्हणाला, "उद्या जरा लौकर या. थोरल्या घाण्याच्या लाटा चढवाय घेऊ."

"थोरल्याची आर्डर कुठं हाय?"

"येती. तयार असू दे." आणि मग, पहिल्यांदाच, त्याने मला हुकूम केला, "बसा खाली, दाजी. जेवा."

मी बसलो आणि सगळे धोंडे खाल्ले. त्यानंतर आम्ही सगळे, मिस्त्रीसुद्धा, कारखान्यात गेलो. मी मेनूची फाइल उघडली. सहा ठिकाणी खूण होती. सहाही ठिकाणची काढली, तीही एकेक, हाताने, आणि प्रत्येक वेळी मिस्त्री मागून मोजत होता. फाइल चढवली. लाइट गेली नाही.

मी घाबरायचा थांबलो असं मात्र नाही. आता तर माझ्या शब्दावर तिकडं थोरला घाणा उभा राहत होता, गिऱ्हाइकाविना. मी रोज लॅबमध्ये पोचल्या पोचल्या सर्च इंजिन उघडायचो आणि एक डोळा मिटून बघायचो. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात धाकटा घाणा कुठं तरी आठव्या पानावर दिसला. चौथ्या आठवड्यात तिघेही आले आणि यूपीतल्या एकाचा मेल आला. त्याला मधला घाणा हवा होता. थोरला दिवाळीपर्यंत कारखान्यात धूळ खात उभा होता आणि मी तिकडं गेलो की त्याला वळसा घालून ऑफिसात शिरायचो. शेवटी आंध्रातल्या एकाने तो नेला. मिस्त्री पुढं कितीतरी वर्षं लेथवर होता. गुडघे गेले तेव्हा स्वतःहून थांबला.

दोन वर्षांनी त्याच जाणत्यांच्या जागी मी वाचलं की सर्च इंजिनवाल्यांनीच आता सांगून टाकलंय, अशा अडवलेल्या लिंकांचं वजन बाकीच्यांना मिळत नाही. ते नुसतं जिरून जातं. म्हणजे मी त्या दिवशी तीनच दारं बांधली असती, लाइट गेली नसती, सगळं मला वाटलं होतं तस्सं झालं असतं, तरी घाण्यांना थेंबभरही जास्त मिळणार नव्हतं. दीड महिन्याचा दुष्काळ, तीन आठवड्यांचं जिऱ्याचं पाणी, सगळं कशासाठी, तर कशासाठीच नाही.

या वेळी मी शहाणा झालो होतो. ताबडतोब उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिने ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली,

"पुढल्या वर्षी परत धोंड्याचा महिना आहे. तोवर त्या वेबसाइटला हात लावू नका. आणि लावलाच, तर आधी मिस्त्रीला विचारून लावा."